‘चेक्ड’ एक, जागा दोन: जेक्वेरीतला अ‍ॅट्र आणि प्रॉपचा घोळ

‘सगळे निवडा’ दाबलं की यादीतल्या सगळ्या चेकबॉक्सना टिक लागते. पुन्हा दाबलं की टिका जातात. तिसऱ्यांदा दाबलं की काहीच होत नाही. कन्सोलमध्ये एरर नाही. इन्स्पेक्टर उघडून बघावं तर टॅगवर ‘चेक्ड’ स्पष्ट लिहिलेलं असतं आणि पडद्यावरची चौकट मात्र रिकामी. चेकबॉक्सला स्वतःची स्टाइल दिलेली असली की संशय आधी सीएसएसवर जातो, मग प्लगइनवर, मग ब्राउझरच्या कॅशवर. तासभर असा गेल्यावर दोष निघतो तो जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीने लिहिलेल्या या एका ओळीत (कोड इथे देवनागरीत लिहिला आहे):

$('.निवड').अ‍ॅट्र('चेक्ड', ट्रू);

ती अशी हवी होती:

$('.निवड').प्रॉप('चेक्ड', ट्रू);

‘अ‍ॅट्र नको, प्रॉप वापरा’ एवढं सांगून बहुतेक उत्तरं थांबतात. उत्तर बरोबर आहे, पण कारण कळलं नाही तर हाच घोळ पुढे सीएसएसमध्ये होतो, सिलेक्टरमध्ये होतो, फॉर्म रीसेट करताना होतो, आणि दर वेळी तो नवीनच बग वाटतो. जेक्वेरीचे सिलेक्टर आणि इव्हेंट लावणं तुम्हाला येतं असं धरून थेट मुद्द्यावर येतो.

अ‍ॅट्रिब्यूट सुरुवातीचं सांगतं, प्रॉपर्टी आत्ताचं

एचटीएमएलमध्ये इनपुट टॅगवर लिहिलेलं ‘चेक्ड’ हे अ‍ॅट्रिब्यूट. पान उघडताना टिक असावी की नसावी, एवढंच ते सांगतं. टॅग वाचून ब्राउझर जो ऑब्जेक्ट बनवतो त्याच्यावरची ‘चेक्ड’ ही प्रॉपर्टी. या क्षणी टिक आहे की नाही, हे ती सांगते. वापरणाऱ्याने चौकटीवर क्लिक केलं की प्रॉपर्टी बदलते. अ‍ॅट्रिब्यूटला कुणी हातही लावत नाही. जेक्वेरीचं अ‍ॅट्र अ‍ॅट्रिब्यूटवर काम करतं, प्रॉप प्रॉपर्टीवर.

खरं तर अ‍ॅट्रिब्यूटशी जोडलेली प्रॉपर्टी वेगळीच आहे, तिचं नाव ‘डिफॉल्टचेक्ड’. हे नाव एकदा लक्षात ठेवलं की निम्मा गोंधळ मिटतो: टॅगवरचं ‘चेक्ड’ म्हणजे डिफॉल्ट, दुसरं काही नाही.

मग अ‍ॅट्र वापरून कधीकधी टिक लागते कशी? प्रत्येक चेकबॉक्स आणि रेडिओ बटणासाठी ब्राउझर आतल्या आत एक खूण ठेवतो. एचटीएमएलच्या स्पेसिफिकेशनमध्ये तिला ‘डर्टी चेक्डनेस फ्लॅग’ म्हणतात. पान उघडलं तेव्हा ती बंद असते. बंद असेपर्यंत अ‍ॅट्रिब्यूट लावलं की टिक येते, काढलं की टिक जाते, आणि आपल्याला वाटतं कोड चालतोय. पण वापरणाऱ्याने एकदा क्लिक केलं, किंवा स्क्रिप्टने प्रॉपर्टी एकदा बदलली, की ती खूण चालू होते. त्यानंतर अ‍ॅट्रिब्यूट कितीही वेळा लावा, काढा, टिक जागची हलत नाही.

म्हणूनच हा बग टेस्टिंगमध्ये सापडत नाही. टेस्ट करणारा फक्त ‘सगळे निवडा’ दाबून बघतो, यादीतल्या एखाद्या चौकटीवर स्वतः क्लिक करून मग ते बटण दाबत नाही. खरा वापरणारा नेमकं तेच करतो.

सुरुवातीला सांगितलेला ‘तिसऱ्यांदा बंद’ हा प्रकार जेक्वेरीच्या आवृत्तीवरही अवलंबून आहे, आणि जुने लेख वाचून गोंधळ उडतो तो इथेच. प्रॉप ही मेथड मे २०११ मध्ये १.६ या आवृत्तीत आली. त्याआधी दोन्ही कामं अ‍ॅट्रवरच होती. १.६.१ पासून १.८ पर्यंत अ‍ॅट्रने ‘चेक्ड’ लावलं की जेक्वेरी सोबत प्रॉपर्टीही बदलून द्यायची, त्यामुळे चुकीचा कोडही चालून जायचा. जानेवारी २०१३ च्या १.९ मध्ये ही सवलत गेली: अ‍ॅट्र फक्त अ‍ॅट्रिब्यूट लावू लागलं, पण अ‍ॅट्रिब्यूट काढणारं रिमूव्हअ‍ॅट्र मात्र अजून प्रॉपर्टी फॉल्स करत होतं. आता तो क्रम पुन्हा बघा. पहिल्यांदा अ‍ॅट्रिब्यूट लागलं, खूण बंद होती, टिक आली. दुसऱ्यांदा रिमूव्हअ‍ॅट्रने प्रॉपर्टी फॉल्स केली, टिक गेली, पण खूण चालू झाली. तिसऱ्यांदा अ‍ॅट्रिब्यूट लागलं आणि ब्राउझरने त्याच्याकडे पाहिलंही नाही. जून २०१६ च्या ३.० मध्ये रिमूव्हअ‍ॅट्रनेही प्रॉपर्टीला हात लावणं सोडलं. त्यामुळे तिथे तोच कोड कितीही वेळा चालतो, पण कुणीतरी एखाद्या चौकटीवर क्लिक करेपर्यंतच. मग तेवढी एक चौकट हट्टाने जागेवर राहते, आणि हा बग शोधणं त्याहून अवघड.

वाचतानाही तीच गत. प्रॉप('चेक्ड') ट्रू किंवा फॉल्स देतं. अ‍ॅट्र('चेक्ड') १.६ पासून ३.x पर्यंत ‘चेक्ड’ ही स्ट्रिंग देतं किंवा अनडिफाइंड. टॅगवर ‘चेक्ड’ असेल आणि वापरणाऱ्याने टिक काढली असेल, तरी १.९ पासून अ‍ॅट्र तीच स्ट्रिंग देत राहतं. त्यावर लिहिलेली इफची अट मग कायमच खरी ठरते.

हाच घोळ सीएसएसमध्ये

स्वतःची स्टाइल द्यायची तर खरा इनपुट लपवायचा आणि त्याला लागून असलेल्या स्पॅनला चौकटीचं रूप द्यायचं, ही नेहमीची पद्धत. टिक दाखवण्यासाठी मग कुणी लिहितं:

इनपुट[चेक्ड] + स्पॅन

हा चौकोनी कंसातला सिलेक्टर अ‍ॅट्रिब्यूट बघतो. क्लिक केल्यावर अ‍ॅट्रिब्यूट बदलत नाही, म्हणून स्पॅनही बदलत नाही. ते दुरुस्त करायला मग चेंज इव्हेंटवर अ‍ॅट्रिब्यूट लावणारी आणि काढणारी जेक्वेरी लिहिली जाते. एका चुकीला झाकायला दुसरी. योग्य सिलेक्टर हा आहे:

इनपुट:चेक्ड + स्पॅन

कोलन असलेला ‘:चेक्ड’ आत्ताची स्थिती बघतो. टिक क्लिकने आली, कीबोर्डने आली की प्रॉपने आली, त्याला फरक पडत नाही. हा सिलेक्टर वापरला तर रूप बदलण्यासाठी जेक्वेरीची एक ओळही लागत नाही. चेंजवर ‘ऑन’, ‘अ‍ॅक्टिव्ह’ असे क्लास लावून चौकट रंगवणारा कोड मला अजिबात पटत नाही. स्थिती दोन ठिकाणी ठेवली की त्या दोन्ही कधीतरी वेगळ्या होणारच. फायरफॉक्समध्ये पान साधं रीलोड केलं तर फॉर्मची आधीची स्थिती परत येते. टिक आहे, क्लास नाही, असं मग लगेच बघायला मिळतं.

जेक्वेरीच्या सिलेक्टरलाही हाच नियम: $('इनपुट:चेक्ड') म्हणजे आत्ता निवडलेले, $('इनपुट[चेक्ड]') म्हणजे सुरुवातीला निवडलेले. इज(':चेक्ड') आणि प्रॉप('चेक्ड') यांत एका इनपुटपुरता व्यवहारात फरक नाही, हवं ते वापरा. संच मोठा असेल तर इज त्यातला कुठलाही एक निवडलेला असला तरी ट्रू देतं आणि प्रॉप फक्त पहिल्याची स्थिती सांगतं, एवढं ध्यानात असू द्या.

आणि ‘थोडे निवडलेले, थोडे नाहीत’ दाखवणारी आडवी रेघ, म्हणजे ‘इनडिटरमिनेट’. तिच्यासाठी एचटीएमएलमध्ये अ‍ॅट्रिब्यूटच नाही, फक्त प्रॉपर्टी आहे. प्रॉप('इनडिटरमिनेट', ट्रू) हा एकच मार्ग. ती रेघ फक्त दिसण्यापुरती असते, सर्व्हरकडे जातं ते ‘चेक्ड’वरूनच.

रीसेट केल्यावर काय होतं

फॉर्म रीसेट झाला की ती डर्टी खूण पुसली जाते आणि प्रत्येक चौकट आपल्या अ‍ॅट्रिब्यूटप्रमाणे होते. म्हणजे वाटेत कुठे अ‍ॅट्र('चेक्ड', ट्रू) चालवून ठेवलं असेल, तर रीसेट मूळ स्थितीला न जाता त्या अर्धवट स्थितीला जातो. अ‍ॅट्र वापरावं अशी एकच जागा मला मान्य आहे: डिफॉल्टच बदलायचा असेल तेव्हा. उदाहरणार्थ, सेव्ह झाल्यावर ‘आता हीच मूळ स्थिती’ असं ठरवायचं असेल तर.

रीसेटचा इव्हेंट चौकटी बदलण्याआधी येतो. त्याच्या हँडलरमध्ये प्रॉप वाचलं तर जुनीच स्थिती मिळते. वाचायचंच असेल तर सेटटाइमआउट शून्याने लावून त्यात वाचा. आणि रीसेटमुळे चेंज इव्हेंट येत नाही.

प्रॉप टिक लावतं, कुणाला कळवत नाही

प्रॉपने टिक बदलली की चेंज इव्हेंट येत नाही. क्लिकने बदलली की येतो. एकूण किंमत मोजणारा किंवा पुढचा भाग उघडणारा कोड चेंजवर असेल, तर प्रॉपनंतर तो स्वतः चालवावा लागतो: .प्रॉप('चेक्ड', ट्रू).ट्रिगर('चेंज'). हे चेंजच्याच हँडलरमध्ये त्याच इनपुटवर लिहू नका, न संपणारं चक्र सुरू होईल.

जेक्वेरीच्या ट्रिगर('चेंज') मुळे फक्त जेक्वेरीने लावलेले हँडलर आणि टॅगवरचा ‘ऑनचेंज’ चालतो. अ‍ॅडइव्हेंटलिसनरने लावलेल्यांना पत्ताही लागत नाही. पानावर जेक्वेरीशिवाय लिहिलेला दुसरा कोड असेल तर साधा डिस्पॅचइव्हेंट वापरा, ‘बबल्स’ ट्रू ठेवून. तो दोन्हीकडे पोचतो.

रेडिओचे दोन जास्तीचे खड्डे

वरचं सगळं रेडिओलाही लागू आहे. पण एका गटातलं दुसरं बटण निवडलं की आधीचं आपोआप सुटतं, आणि सुटणाऱ्याला चेंज इव्हेंट मिळत नाही. फक्त नवीन निवडलेल्याला मिळतो. क्लास लावून रंगवलेल्या रेडिओत दोन-दोन बटणं निवडलेली दिसतात, ती यामुळेच. क्लासशिवाय चालणारच नसेल तर चेंज आल्यावर त्याच फॉर्ममधल्या, त्याच ‘नेम’च्या सगळ्या बटणांवरून फिरा आणि प्रत्येकाचा क्लास त्याच्या प्रॉपवरून ठरवा:

.टॉगलक्लास('निवडलेलं', धिस.चेक्ड)

दुसरा खड्डा व्हॅलचा. $('[नेम=रंग]').व्हॅल() गटातल्या पहिल्या बटणाची किंमत देतं, निवडलेल्याची नाही. निवडलेली हवी तर मध्ये फिल्टर(':चेक्ड') घाला. काहीच निवडलेलं नसेल तर अनडिफाइंड मिळेल. उलट दिशेने, गटावर .व्हॅल('निळा') लिहिलंत तर निळं बटण निवडलं जात नाही, गटातल्या सगळ्या बटणांची किंमत ‘निळा’ होते. दिसायला काही बदलत नाही आणि सर्व्हरकडे मात्र कायम निळा जातो. अ‍ॅरे द्या, .व्हॅल(['निळा']), मग ती किंमत असलेलं बटण निवडलं जातं. इथेही चेंज येत नाही.

लपवताना

खरा इनपुट डिस्प्ले नन करून लपवू नका. टॅबने तिथे पोचता येत नाही आणि स्क्रीन रीडरला तो दिसत नाही. ओपॅसिटी शून्य करा, पोझिशन अ‍ॅब्सोल्यूट देऊन स्वतःच्या चौकटीवरच ठेवा, आणि ‘:फोकस-व्हिजिबल’ आल्यावर शेजारच्या स्पॅनला ठळक आउटलाइन द्या. फक्त रंगच बदलायचा असेल तर हे काहीच नको. सीएसएसचं ‘अ‍ॅक्सेंट-कलर’ एका ओळीत काम करतं, आणि क्रोम व फायरफॉक्समध्ये ते २०२१ पासून, सफारीत २०२२ पासून आहे.

लेबलच्या आत इनपुट ठेवला असेल तर क्लिकचा हँडलर लेबलवर लावू नका. लेबलवर क्लिक झालं की ब्राउझर आतल्या इनपुटवर आणखी एक क्लिक पाठवतो, ते वर चढून पुन्हा लेबलपर्यंत येतं आणि हँडलर दोनदा चालतो. त्यात टॉगल असेल तर दुसरा पहिल्याला पुसतो आणि चौकट मेलेली वाटते. हँडलर इनपुटच्या चेंजवर लावा. नंतर जोडल्या जाणाऱ्या ओळींसाठी वरच्या यादीवर डेलिगेट करून लावा: $('#यादी').ऑन('चेंज', '.निवड', फंक्शन).