माळव्यात काय खावं, किती खावं आणि कधी
(इंदूर–उज्जैन–ओंकारेश्वर–महेश्वर सहलीला येणाऱ्यांसाठी)

नाव नोंदवताना बरेच जण विचारतात, "जेवण आपल्यासारखं मिळेल ना?" कुणाला शुगर असते, कुणाला बीपी, कुणाला गुडघ्यांसाठी वजन उतरवायचं असतं. वरण-भात, पोळी-भाजी रोज एका वेळी मिळेलच. पण माळव्यात जाऊन तेवढंच खाऊन परत येऊ नका, हे आमचं मनापासून सांगणं आहे. दिवसातलं एकच खाणं पोटभर तिथलं ठेवा आणि बाकीची हलकी, की पथ्यही सांभाळलं जातं. आमचा कार्यक्रम त्याच हिशेबाने आखलेला आहे.

सकाळी पोहे. इंदुरी पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर, वाफेवर गरम ठेवतात, त्यामुळे आपल्या कांदेपोह्यांपेक्षा तेल कमी असतं. लक्ष ठेवायचं ते वर पडणाऱ्या शेवेवर आणि जिरावन मसाल्यावर. मीठ असतं ते तिथेच. बीपीची गोळी चालू असेल तर प्लेट हातात यायच्या आधीच "सेव कम" म्हणा. सोबत जिलबी येते, ती चौघांत एक प्लेट घ्या. शुगरवाल्यांनी एखादा तुकडा चाखावा, तोही पोहे खाल्ल्यावर.

दाल-बाफले आम्ही दुपारीच ठेवतो, आणि नंतर दोन तास बसप्रवास ठेवत नाही. बाफल्याचे कणकेचे गोळे आधी पाण्यात उकळतात, मग भाजतात आणि शेवटी तुपात बुडवतात. वाढणारे फार प्रेमाने आग्रह करतात, म्हणून तूप वेगळ्या वाटीत द्यायला सुरुवातीलाच सांगा. दीड-दोन बाफले भरपूर झाले. शेवटी चुरम्याचा लाडू येतो, त्यासाठी थोडी जागा ठेवा. त्या रात्री हॉटेलात मुगाची खिचडी आणि ताक असेल.

सराफ्याची रात्र

इंदूरच्या सराफा बाजारात सराफांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच दारांपुढे रात्री नऊ-साडेनऊनंतर खाण्याचे ठेले लागतात आणि गर्दी मध्यरात्रीनंतरही हटत नाही. त्या रात्री हॉटेलात जेवण नसतं. तिथे पहिला मान भुट्ट्याच्या किसाला द्या: किसलेला कोवळा मका दुधात शिजवून वर फोडणी, खोबरं, लिंबू. गरम, मऊ, ज्येष्ठांनाही सोसणारा. हिवाळ्यात गराडू मिळतो. तो तळलेला कंद असतो, तेव्हा दोघांत एक प्लेट पुरे. इथली शिकंजी लिंबाची नसते. ती आटवलेल्या दुधाची, सुकामेव्याची, चांगलीच गोड असते, त्यामुळे शुगर असेल तर एखादा घोटच.

2017 मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर देशात पहिलं आलं, आणि शहर स्वच्छ आहेच. तरीही डोळ्यांसमोर गरम होणारं खा. बर्फ, कापून ठेवलेली फळं आणि पाणीपुरीचं पाणी टाळा.

इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेणाऱ्यांनी हे नीट वाचावं. नेहमीच्या वेळी आठला औषध घेतलं आणि खाणं दहाला झालं, तर शुगर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, गरगरणं जाणवलं तर लगेच साखर किंवा ग्लुकोज तोंडात टाका आणि आमच्या माणसाला सांगा. त्या रात्रीच्या वेळा निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. जागरण झेपत नसेल तर इंदूरच्याच छप्पन दुकान या खाऊगल्लीत संध्याकाळी लवकर नेण्याची सोय करतो. बहुतेक पदार्थ तिथेही मिळतात.

उज्जैनची भस्म आरती पहाटे चारला सुरू होते आणि त्याच्या कितीतरी आधी रांगेत उभं राहावं लागतं. म्हणून सराफा आणि भस्म आरती आम्ही लागोपाठ ठेवत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. ओंकारेश्वर आणि महेश्वरला घाटाच्या पायऱ्या चढायच्या असतात, तिथे साधं जेवण.

बसमध्ये केळी, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याची चिक्की आणि ओआरएसची पाकिटं असतात. आपली औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.

नोंदणीच्या अर्जात चार गोष्टी जरूर लिहा: शुगर-बीपी, औषधांच्या वेळा, कशाची ॲलर्जी आणि उपवासाचे वार. शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर अर्जावर थांबू नका, निघण्यापूर्वी आम्हाला फोन करा, म्हणजे हॉटेलच्या स्वयंपाकघराला आधीच सांगून ठेवता येईल.