कॅम्परमधली दुसरी बॅटरी: शिशाकडून लिथियमकडे

कॅम्पर म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी. तिच्यात दोन बॅटऱ्या असतात. एक बॉनेटखाली, इंजिन सुरू करणारी. दुसरी सीटखाली किंवा कपाटाच्या तळाशी. दिवे, पाण्याचा पंप, पंखा, फ्रिज, मोबाइलचे चार्जिंग, सगळे तिच्यावर चालते. ही दुसरी बॅटरी शिशाची काढून लिथियमची बसवण्याकडे आता बहुतेकांचा कल आहे. ‘जुनी उचला, नवी ठेवा, त्याच दोन वायरी जोडा’ असे त्याबद्दल सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. त्या दोन वायरींच्या मागची सगळी व्यवस्था शिशाचा स्वभाव धरून उभी राहिली आहे, आणि ती तशी का उभी राहिली हे माहीत असेल तरच बदल नीट पार पडतो.

पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी पहिली बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली: शिशाचे दोन पत्रे, एकमेकांना चिकटणार नाहीत असे गुंडाळलेले आणि पातळ गंधकाम्लात बुडवलेले. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी पत्र्यावर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची युक्ती काढली आणि बॅटरी कारखान्यात तयार होऊ लागली. मोटारीत तिला पक्की जागा मिळाली ती १९१२ मध्ये, चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅकमध्ये आला तेव्हा. हँडल मारण्याचे कष्ट संपले.

स्टार्टरच्या बॅटरीचे काम मात्र फार वेगळे असते. दोन-चार सेकंद जबरदस्त करंट द्यायचा, मग इंजिन लगेच तिला भरून काढणार. म्हणून तिच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. अशी बॅटरी रात्रभर दिव्यांसाठी वापरली तर थोड्याच दिवसांत तिचा जीव जातो आणि सकाळी गाडीही सुरू होत नाही. दुसऱ्या, स्वतंत्र बॅटरीची गरज इथूनच निर्माण झाली.

फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये वेस्टफालिया कंपनीने १९५१ पासून झोपण्या-बसण्याची सोय करून द्यायला सुरुवात केली. तशा गाड्यांमध्ये सुरुवातीला विजेची गरज ती किती? एखादा दिवा. स्वयंपाक गॅसवर, आणि पुढे फ्रिजही गॅसवर. हा गॅसचा फ्रिज मला या सगळ्या कथेतला कळीचा मुद्दा वाटतो. स्वीडनचे दोन विद्यार्थी, बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स, यांनी १९२२ मध्ये ज्योतीच्या उष्णतेवर थंडावा तयार करणारे, एकही हलता भाग नसलेले यंत्र रचले. ते कॅम्परमध्ये होते तोवर दुसरी बॅटरी लहान असली तरी चालत होते. पण त्या फ्रिजला गाडी सपाट जागी उभी लागते आणि कडक उन्हाळ्यात तो मागे पडतो. मग १२ व्होल्टवर चालणारे छोटे कॉम्प्रेसर आले. गाडी उतारावर असो की उन्हात, फ्रिज नीट चालू लागला. किंमत मोजावी लागली ती बॅटरीला. असा फ्रिज दिवसाला साधारण ३० ते ५० ॲम्पियर-अवर (एक ॲम्पियर करंट तासभर, म्हणजे एक ॲम्पियर-अवर) घेतो, आणि ढग असोत की पाऊस, रोज घेतो.

शिशाने यावर आपल्या परीने उत्तरे दिली. जाड प्लेटांच्या ‘डीप सायकल’ बॅटऱ्या आल्या. अमेरिकेत गोल्फ कार्टच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडण्याची पद्धत रूढ झाली. जर्मनीत झोननशाइन कंपनीत १९५७ मध्ये आम्लाची जेल करण्याची पद्धत निघाली. सत्तरच्या दशकात काचेच्या तंतूंच्या गादीत आम्ल शोषून ठेवणारी एजीएम बॅटरी आली. डिस्टिल्ड वॉटर घालायला नको, आडवी झाली तरी आम्ल सांडत नाही, वायूही फार बाहेर पडत नाही. चार्ज होताना साधी बॅटरी हायड्रोजन सोडते. जिथे माणसे झोपतात तिथे तो नको, हे वेगळे सांगायला नको.

तरीही शिशाचा मूळ हिशेब बदलला नाही. १०० ॲम्पियर-अवरची बॅटरी घेतली तरी निम्मीच वापरायची. त्याखाली वारंवार गेलात की आयुष्य झपाट्याने घटते. जास्त करंट ओढला की हाती येणारी क्षमता आणखी कमी होते. विल्हेल्म पॉइकर्ट यांनी हा नियम १८९७ मध्येच मांडला होता. आणि सगळ्यात मोठी अडचण शेवटच्या वीस टक्क्यांची. बॅटरी भरत आली की तिचा रोध वाढतो, करंट आपोआप घटतो आणि पूर्ण भरायला तासन्‌तास जातात. दोन तास गाडी चालवून मुक्काम करणाऱ्याची बॅटरी त्यामुळे कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि क्षमता कायमची जाते. कॅम्परमधल्या कित्येक बॅटऱ्या अतिवापराने जात नाहीत, पोटभर चार्ज न मिळाल्याने जातात.

याच सवयीवर गाडीतली जोडणी ठरली. इंजिन चालू झाले की एक रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, दोन्ही बॅटऱ्या एकत्र जोडतो, बंद झाले की तोडतो. स्वस्त आणि साधी गोष्ट. ती चालली याचे कारण शिसे स्वतःला आवरते: थोडे भरले की करंट कमी मागते. अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला, जपण्याचे काम खरे तर बॅटरीच करत होती. हे तेव्हा कुणाला जाणवण्याचे कारण नव्हते.

आता लिथियम. सत्तरच्या दशकात, तेलाच्या टंचाईच्या काळात, एक्सॉन या तेल कंपनीतच स्टॅनली व्हिटिंगहॅम लिथियमच्या बॅटरीवर काम करत होते. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र दाखवला, १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी कार्बनचा ऋणाग्र जोडून सुरक्षित नमुना केला, आणि १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

ही बॅटरी मोबाइल-लॅपटॉपला मानवली, कॅम्परला नाही. पहिले कारण आकड्यांचे. तिचा सेल साधारण ३.६ ते ३.७ व्होल्टचा. तीन जोडले तर ११ च्या आसपास, चार जोडले तर १५ च्या जवळ. १२ व्होल्टच्या गाडीत दोन्ही बसत नाहीत. दुसरे कारण आगीचे. कोबाल्टचे ऑक्साइड फार तापले की ऑक्सिजन सोडते आणि आग स्वतःलाच खतपाणी घालते. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ विमाने जगभर जमिनीवर उभी करावी लागली, ती याच जातीच्या बॅटरीमुळे. ‘लिथियम म्हणजे आग’ ही धास्ती तेव्हापासून अनेकांच्या मनात आहे, आणि झोपण्याच्या जागेखाली बॅटरी ठेवणाऱ्याने ती बाळगली तर त्यात गैर काही नाही.

कॅम्परमध्ये आलेले लिथियम मात्र वेगळ्या घराण्याचे आहे. टेक्सास विद्यापीठात अक्षय पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी १९९७ मध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा निबंध प्रसिद्ध केला. यात ऑक्सिजन फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो की तापल्यावरही सहजी सुटत नाही. कोबाल्ट लागत नाही, निकेल लागत नाही. एक मोठी उणीव होती: हा पदार्थ वीज फार कमी वाहून नेतो. कण अगदी बारीक करून त्यांवर कार्बनचा पातळ थर देण्याचा उपाय पुढच्या काही वर्षांत सापडला.

आणि याचा सेल ३.२ व्होल्टचा. चार जोडा: १२.८. शिशाच्या भरलेल्या बॅटरीच्या अगदी शेजारी. कुणी गाड्यांचा विचार करून हा आकडा ठरवला नव्हता. लोखंड आणि फॉस्फेटच्या रसायनातून तो आला. मला वाटते, हा आकडा जुळला नसता तर कॅम्परवाल्यांनी लिथियमकडे इतक्या सहज पाहिलेच नसते.

सुरुवात बोटींपासून झाली. शिडाच्या बोटीत शिशाच्या बॅटऱ्यांचे वजन शेकडो किलो भरते, त्यामुळे हौशी खलाशांनी चिनी बनावटीचे मोठे चौकोनी सेल, त्यांतले थंडरस्काय आणि विन्स्टनचे पिवळ्या डब्यांतले तर ओळखीचेच, आणून स्वतः जोडायला घेतले. त्यामागोमाग कॅम्परवाले आले. युरोपात साध्या परवान्यावर साधारणपणे ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येत आली आहे. तिथे ३० किलोच्या एजीएमऐवजी १२ किलोची बॅटरी म्हणजे पाण्याच्या टाकीला मोकळीक. शिवाय या १२ किलोंतून जवळजवळ पूर्ण क्षमता वापरता येते.

चीनमध्ये बस आणि पुढे वीजसाठवणूक केंद्रांसाठी हे सेल प्रचंड संख्येने बनू लागले, तेव्हा किमती उतरल्या. सेल आणि त्यांवर लक्ष ठेवणारे बीएमएस सर्किट शिशाच्या बॅटरीच्याच मापाच्या डब्यात बंद होऊन मिळू लागले. ‘तीच जागा, त्याच वायरी’ हे वाक्य या डब्याबरोबर आले.

अडचण अल्टरनेटरला झाली. लिथियमचा रोध फार कमी. अल्टरनेटर देईल तेवढा करंट ते घेते आणि जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत घेत राहते. गाडी जागेवर उभी असताना अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, वारा मिळत नाही, आणि डायोड व तारा तापून जळू शकतात. त्यातच बीएमएसने भर चार्जिंगमध्ये बॅटरी एकदम तोडली आणि ओळीत दुसरी बॅटरी नसली, तर व्होल्टेजचा झटका बसतो. म्हणून दोन बॅटऱ्यांच्या मध्ये रिले काढून डीसी-डीसी चार्जर बसवतात. तो करंट ३० किंवा ५० ॲम्पियरवर रोखून धरतो. युरो ६ या युरोपातल्या धूर-प्रदूषणाच्या नियमांच्या काळात आलेल्या ‘स्मार्ट’ अल्टरनेटरनेही याला हातभार लावला. इंधन वाचवण्यासाठी हे अल्टरनेटर मधूनच व्होल्टेज इतके उतरवतात की शिशाचीसुद्धा धड भरत नाही.

व्होल्टेज पाहून जोडणारा रिले तर लिथियमपुढे फसतोच. तो साधारण १३.३ च्या आसपास जोडतो आणि १२.८ ला तोडतो, कारण इंजिन बंद झाल्यावर शिसे १२.७ वर येऊन थांबते. लिथियम थांबते १३.२-१३.३ वर. इंजिन बंद झाले तरी रिलेला ते चालूच वाटते, दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्या राहतात.

भिंतीवरच्या व्होल्टमीटरचेही तसेच. शिशाच्या वेळी सकाळी उठून १२.२ दिसले की निम्मी संपली हे कळायचे. लिथियमचा आकडा ऐंशी टक्क्यांना १३.३ आणि चाळीस टक्क्यांना १३.१, मधल्या एका दिव्याने किंवा पंपानेही तो तेवढा हलतो. म्हणून शंट, म्हणजे करंट मोजण्यासाठी वायरीत बसवायचा अगदी कमी रोधाचा तुकडा, बसवून आत-बाहेर जाणारा करंट मोजत राहावे लागते.

सवयीही उलटतात. शिसे गाडी उभी करताना पूर्ण भरून ठेवायचे, लिथियम निम्म्यावर ठेवलेले बरे. शिसे थंडीत चार्ज केले तर चालते. लिथियम शून्य अंशाखाली चार्ज केले तर ऋणाग्रावर धातूचा थर चढतो आणि तो परत जात नाही. चांगले बीएमएस तेव्हा चार्जिंग अडवते, काही बॅटऱ्यांत आधी स्वतःला ऊब देण्याची सोय असते. जुन्या चार्जरमधला खडे सोडवण्यासाठी १५ व्होल्टच्या वर जाणारा मोड मात्र बंदच ठेवायचा. इथे सोडवायला खडेच नसतात.

बॉनेटखालची पहिली बॅटरी बहुतेक कॅम्परमध्ये अजून शिशाचीच असते. इंजिनची उष्णता, हिवाळ्यातली गोठवणारी पहाट, दोन सेकंदांचा करंट आणि लगेच भरपाई, ही कामे ती आजही कमी पैशात करते, आणि डीसी-डीसी चार्जरच्या एका बाजूला उभी राहून अल्टरनेटरला झटक्यापासून वाचवण्याचे कामही तीच करते.