खिडकी तीच, पोटातलं यंत्र वेगळं

फुजीफिल्मचा एक्स१०० कॅमेरा गळ्यात दिसला की कोणी ना कोणी विचारतंच, "हा रेंजफाइंडर ना?" नाही. दिसायला मात्र सख्खा भाऊ: चपटा, वर गोल चकत्या, आणि डोळा लावायची खिडकी डाव्या कोपऱ्यात.

खरा रेंजफाइंडर, म्हणजे खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवून हाताने फोकस करायचा कॅमेरा, आमच्या कपाटात आहे, बाबांचा याशिका इलेक्ट्रो ३५. हे मॉडेल १९६६ साली आलं. त्याच्या खिडकीत मधोमध एक पिवळसर ठिपका असतो आणि त्यात समोरचं माणूस दोन-दोन दिसतं. लेन्सची कडी फिरवली की त्यातलं भूत आडवं सरकत जातं. ते मूळ माणसात विरलं की फोकस झाला. त्यासाठी उभी रेघ सापडावी लागते. दाराची चौकट चालते, मी आईच्या चष्म्याची कड पकडतो. लायका एम९सारख्या डिजिटल कॅमेऱ्यातही हाच खेळ.

२०११च्या एक्स१००मध्ये ते भूत नाही. फोकस तो स्वतःच करतो, फिल्मच्या जागी असलेल्या सेन्सरवरून. खिडकी मात्र अस्सल काचेची, आणि पुढचा खटका ओढला की तिथेच इलेक्ट्रॉनिक पडदा उजळतो.

मग लोकांची गल्लत का होते? कारण दोन्हींत लेन्समधून बघायचं नसतं. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या मदतीने लेन्समधूनच दाखवणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यात, शटर दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि नेमका हवा तो क्षण अंधारात जातो. इथे तो डोळ्यांदेखत घडतो. शिवाय फोटोत किती येणार ते दाखवणाऱ्या खिडकीतल्या चौकटीच्या रेघांबाहेरचंही दिसतं: मुलगी जिन्यावरून धावत येतेय, अजून चौकटीत शिरलेली नाही, हे आधीच कळतं. माझा जीव या खिडकीवर जडला, भुतावर नाही. माझा डीएसएलआर दोन वर्षं बॅगेत पडून होता आणि घरच्यांचे फोटो जवळजवळ बंदच झाले होते. ते पुन्हा सुरू झाले ते या जुन्या बाजारातून घेतलेल्या एक्स१००मुळे.

हातानेच फोकस करायची हौस असेल तर खरा रेंजफाइंडर घ्या, पळणारं पोर टिपायचं असेल तर एक्स१००. (नुसत्या रुबाबासाठी घेणारेही असतात. घेऊ देत.)

एक खोड मात्र दोघांचीही. लेन्सची टोपी काढायची राहिली, तरी काचेच्या खिडकीत सगळं लख्ख दिसतं. गणपतीत याशिकावर मी अर्धा रोल तसाच उडवला. आरतीचा एकही फोटो नाही.