साक्ष आणि जबानी: श्रद्धेनं लिहिलेली युद्धकथा संशयानं वाचताना

साक्ष दोन ठिकाणी देतात. एक कोर्टात, दुसरी चर्चमध्ये. कोर्टातल्या साक्षीला आपण जबानी म्हणू. तिथे काय पाहिलं, कुठे, कधी, एवढंच विचारतात. त्यातून तुम्हाला काय बोध झाला हे सांगू लागलात तर समोरचा वकील हरकत घेतो. चर्चमधली साक्ष उलट्या टोकाने सुरू होते. प्रभूने माझ्यासाठी काय केलं हे सांगायला माणूस उभा राहतो आणि घटना त्या सांगण्यात ओवल्या जातात.

युद्धातून वाचलेल्या ख्रिस्ती माणसाच्या आठवणींत या दोन्ही गोष्टी एकाच पानावर, कधी एकाच वाक्यात भेटतात. मी देव मानत नाही. अशा आठवणी वाचताना मी बरीच वर्षं दोन्हींची गल्लत करत आलो. चमत्कार आला की पुस्तक मिटायचो, नाही तर छळाच्या वर्णनाने इतका हादरायचो की शंका घेणंच निर्दयपणाचं वाटायचं.

कोरी टेन बूम यांच्या ‘द हायडिंग प्लेस’ने मला दोन्ही वेगळं करायला शिकवलं. नेदरलँड्समधल्या हार्लेम गावातलं हे घड्याळजींचं कुटुंब. नाझी अमलात त्यांनी ज्यूंना घरात लपवलं. 28 फेब्रुवारी 1944 ला धाड पडली. चौऱ्याऐंशी वर्षांचे वडील कास्पर दहा दिवसांत कैदेत वारले. कोरी आणि थोरली बहीण बेट्सी अखेर जर्मनीतल्या राव्हेन्सब्रुक या बायकांच्या छळछावणीत पोचल्या. तिथे 16 डिसेंबर 1944 ला बेट्सी गेली. महिनाअखेरीस कोरी सुटल्या.

आता त्यातला पिसवांचा प्रसंग घ्या. बराकीत पिसवा बुजबुजलेल्या. बेट्सी म्हणते, याबद्दलही देवाचे आभार मानू. कोरींना ते पटत नाही. पुढे एकदा मोज्यांच्या मापावरून घोळ होतो, बायका देखरेखीच्या बाईला आत बोलावतात, आणि ती उंबऱ्यापाशीच थांबते. पहारेकरीही आत यायला तयार नाहीत, कारण पिसवा. त्यामुळेच तर चोरून आणलेलं बायबल बराकीत बिनधास्त वाचता येत होतं! इथे जबानी साधी आहे: पिसवा होत्या, म्हणून पहारा दारातच अडत होता. यात निसर्गनियमाबाहेरचं काहीच नाही. ‘देवाने पिसवा पाठवल्या’ ही साक्ष, आणि ती त्या दोघी बहिणींची. मला ती मान्य करायची गरज नाही, आणि तिच्यापायी पिसवा खोट्या ठरवायचीही नाही.

जीवनसत्त्वाच्या बाटलीशी मात्र मी अडतो. लहानशी बाटली, आजारी बेट्सीसाठी जपलेली. मग शेजारणींनाही थेंब द्यावे लागले, रोज, डझनांनी. तरी बाटली संपेना. बेट्सीला बायबलमधल्या सारफथच्या विधवेची आठवण येते. एलीया संदेष्ट्याच्या शब्दावर तिच्या कुपीतलं तेल सरलं नव्हतं. पुढे एक कैदी दवाखान्यातून जीवनसत्त्वं लपवून आणते. आधी बाटलीतलं संपवू, असं ठरतं. त्या रात्री बाटली उपडी केली, हलवली, तर थेंब पडेना.

हे वाक्य जबानीच्या रूपात येतं, म्हणून त्याला जबानीचेच प्रश्न विचारायला हवेत. बाटली गडद तपकिरी काचेची होती, आत किती उरलंय ते दिसत नव्हतं, हे कोरी स्वतःच सांगतात. थेंब कुणी मोजले नव्हते. पुस्तक आलं 1971 मध्ये, म्हणजे पाव शतकाहून जास्त काळाने, आणि जॉन व एलिझाबेथ शेरिल या व्यावसायिक लेखक जोडप्याच्या सोबतीने. विधवेची गोष्ट त्या दोघी बराकीतच आठवत होत्या. पुढच्या आठवणीने तोच साचा धरला असेल. मी बाटलीचा चमत्कार मानत नाही. पण त्यासाठी कोरींना लबाड ठरवावं लागत नाही. उपाशी, तापाने फणफणलेल्या बायकांमध्ये एक थेंब वाटून घेणारी माणसं होती, याबद्दल मला शंका नाही.

तिसरी जागा सुटकेची. आपण कारकुनी चुकीने सुटलो आणि आठवड्याभराने आपल्या वयाच्या बायकांना गॅस चेंबरमध्ये नेलं, असं कोरी सांगतात. त्या तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. राव्हेन्सब्रुकचं गॅस चेंबर सुरू झालं 1945 च्या जानेवारीअखेरीस, म्हणजे ‘आठवडा’ तंतोतंत बसत नाही. पण त्याच जानेवारीत म्हाताऱ्या आणि दुबळ्या बायकांना निवडून बाजूला काढणं सुरू झालं होतं, आणि पुढच्या काही महिन्यांत तिथे पाच-सहा हजार जणी गॅसने मारल्या गेल्या. तपशील सैल, धोका खराखुरा. संशयी वाचकाने इथवर जाऊन पाहावं. ‘आठवडा चुकला’ म्हणून हात झटकणं हा आळस आहे.

चुकीने सुटका झाली ही जबानी. ती चूक देवाने घडवली, ही साक्ष. साक्षीविरुद्ध सर्वांत कठोर आवाज छावणीतूनच आलेला आहे. आउश्वित्झ छावणीत ऑक्टोबर 1944 ला गॅसमध्ये कुणाला पाठवायचं याची निवड झाल्यावर कून नावाचा म्हातारा कैदी आपण वाचलो म्हणून देवाचे आभार मानत होता; शेजारच्या फळीवर विशीतला बेप्पो दिव्याकडे टक लावून पडला होता, दोन दिवसांनी गॅसमध्ये जाणारा. तिथेच कैदेत असलेले इटालियन ज्यू लेखक प्रिमो लेव्हींनी हे पाहिलं, आणि मी देव असतो तर ती प्रार्थना थुंकून टाकली असती, असं लिहिलं. बेट्सीनेही कोरींइतकीच प्रार्थना केली होती. पुस्तक ते झाकत नाही, म्हणून माझा त्यावर जीव आहे. पण परत येऊन लिहिणारी एकच होती, हे विसरून चालत नाही.

उलट बाजूची घाई मला जास्त खुपते: श्रद्धेची भाषा दिसली की सगळंच भाबडं समजायचं. हार्लेममधलं ते घर आज संग्रहालय आहे. कोरींच्या खोलीत कपड्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा, त्यातून रांगत शिरायचं, आणि खोट्या भिंतीमागे जेमतेम पाऊण मीटर खोल जागा. धाडीच्या दिवशी तिथे सहा जण उभे होते, आणि शोधणाऱ्यांना ते सापडले नाहीत. 1967 मध्ये याद वाशेम या इस्रायलमधल्या ज्यू-संहाराच्या स्मारकसंस्थेने कोरींना ‘राष्ट्रांतील नीतिमान’ म्हणून गौरवलं; ज्यूंना वाचवणाऱ्या बिगर-ज्यूंना हा मान देतात.

एक गोष्ट मात्र साक्षही आहे आणि जबानीही. देव होता का, हे पुस्तकातून ठरत नाही. पण या माणसांनी श्रद्धेपोटी दार उघडलं, हे घडलेलं आहे, आणि इतिहासात हेतूही नोंदवावा लागतो. त्याच्या शेजारी दुसरी नोंदही ठेवावी लागते. नेदरलँड्समधल्या सुमारे 1 लाख 40 हजार ज्यूंपैकी लाखाहून जास्त मारले गेले, आणि ज्या गावांतून त्यांना नेलं त्या गावांतही चर्चं होती, दर रविवारी भरणारी.