बलसंवेदी जुळणी

रोबॉटच्या मनगटावरील संवेदकाने मोजलेल्या बलांच्या आधारे, भाग एकमेकांत बसत असतानाच हालचाल दुरुस्त करीत जाण्याची पद्धत. संवेदक बहुधा सहा अक्षांचा असतो. त्यातील फुलीच्या आकाराच्या धातुभागावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजवरून (धातूचा सूक्ष्म ताण मोजणाऱ्या पट्ट्यांवरून) तीन बले व तीन परिबले (पिळणारी बले) काढली जातात. पकडीचे व भागाचे वजन त्यांतून वजा करावे लागते.

उगमाबाबत एकमत नाही. काही जण एमआयटी या अमेरिकी तंत्रविद्यापीठातील हाइनरिख अर्न्स्ट यांच्या १९६१ च्या यांत्रिक हातापासून सुरुवात धरतात. पण त्याचा भर स्पर्श ओळखण्यावर होता, म्हणून हिरोचिका इनोउए यांचे तेथीलच १९७४ चे अचूक जुळणीवरील काम आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक दिसते. साधारण त्याच सुमारास हिताची कंपनीतही असे प्रयोग झाले. ड्रेपर प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात विकसित झालेले लवचीक मनगट अनेकदा याच परंपरेत गणले जाते. तथापि त्याच्या मूळ रूपात संवेदक नसतो, संपर्कबलाने ते आपोआप वळते.

सिद्धांताचा गाभा छिद्रात खुंटी बसवण्याच्या प्रश्नात आहे. खुंटी तिरपी शिरून दोन बिंदूंवर टेकली आणि त्या वेळची शिरलेली खोली व व्यास यांचे गुणोत्तर घर्षण गुणांकापेक्षा कमी असले, तर ती पाचरीसारखी घट्ट बसू शकते. मग नुसता जोर वाढवून उपयोग नसतो, उलट भाग खराब होतात. २५ मिमी व्यासाला ०.०२५ मिमी मोकळीक व घर्षण गुणांक ०.२ धरल्यास तिरपेपणा सुमारे ०.००५ रेडियनच्या, म्हणजे ०.३ अंशाहूनही किंचित कमी मर्यादेत राहावा लागतो. इतका कल कॅमेऱ्याने ओळखणे अवघड, कारण ऐन संपर्काची जागा भागांनीच झाकलेली असते. आडवे बल व परिबल मात्र तो लगेच दाखवून देतात.

नियंत्रणाचे दोन मार्ग रूढ आहेत. रेबर्ट व क्रेग यांच्या १९८१ च्या संकर पद्धतीत काही दिशांना स्थान, तर उरलेल्या दिशांना बल नियंत्रित होते. होगन यांच्या १९८५ च्या प्रतिबाधा नियंत्रणात बल व विस्थापन यांतील संबंधच ठरवून दिला जातो. कठीण पृष्ठभागाशी संपर्क होताच रोबॉट थरथरू लागणे ही अडचण दोन्हींत संभवते, आणि व्यवहारात तिचा उपाय बहुधा वेग कमी करणे हाच असतो. वरील विश्लेषण कठीण भाग गृहीत धरते. तारा, रबरी कडी यांसारख्या लवचीक भागांना ते जसेच्या तसे लागू पडत नाही.