खून, युद्ध आणि मुलांकडचे म्हातारपण: सोलापूरच्या कट्ट्यांवरील तीन वादांची पार्श्वभूमी

१२ मे १९३० रोजी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत टिकला. गांधीजींच्या अटकेची बातमी ५ मे रोजी पोहोचली, गिरण्या थांबल्या, ८ मे रोजी गोळीबार झाला, मंगळवार पेठेतील पोलीस चौकी पेटली आणि पोलीस मारले गेले. ९ ते ११ मे या तीन दिवसांत शहरात इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. त्यानंतर लष्कर आले. राष्ट्रध्वज हाती धरणे आणि गांधी टोपी घालणे हे गुन्हे ठरले. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्यावर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी झाली.

आज हुतात्मा बागेत, कंबर तलावाच्या काठी, पार्क चौकात किंवा पूर्व भागातल्या चहाच्या टपरीवर मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी अशा मिसळीत तीन विषयांवर हमखास वाद रंगतो: गाजत असलेला एखादा खून, कुठेतरी पेटलेले युद्ध आणि 'मुलगा तिकडे बोलावतोय, कायमचे जावे का?' हा प्रश्न. तिन्ही विषय मोबाइलने आणले, असा समज आहे. पण हे शहर स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले आहे, लष्करी कायद्याखाली राहिले आहे आणि परदेशी गेलेला आपला माणूस परत न आलेलाही त्याने पाहिला आहे. म्हणून इथल्या माणसाने या विषयांवर बोलताना आरोप आणि पुरावा यांतले अंतर जास्त काटेकोरपणे पाळावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

गुन्ह्याचा विषय सर्वांत जुना आहे आणि त्यात सोलापूरची एक जखम आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. रोजची हजेरी आणि बाहेर पडायला पास असे तिथले जगणे होते, आणि याच माणसांच्या कष्टांवर गिरण्याही चालत होत्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला, म्हणून या समाजांना 'विमुक्त' म्हणतात. सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे मात्र मागोमाग आले आणि संशयाची नजर तीच राहिली. तुरुंगांच्या नियमावल्यांमधला हा भेद सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला तो थेट ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. त्या वसाहतीचे 'सेटलमेंट' हे नाव शहरात आजही पत्त्यात लिहिले जाते. चोरीच्या बातमीवर कोणी 'अमुक जमातीचीच टोळी असणार' म्हणाला, तर तो १८७१ चा कायदा पुन्हा लावत असतो. अशा वेळी समोरच्याला तिथेच अडवले पाहिजे.

सामान्य माणसाने निकाल द्यावा की नाही, हा प्रश्न देशपातळीवर गाजला तो नौदल अधिकारी नानावटी यांच्या खटल्याने. एप्रिल १९५९ मध्ये मुंबईत झालेल्या खुनात नऊ सामान्य नागरिकांच्या ज्यूरीने ८ विरुद्ध १ मताने आरोपीला निर्दोष ठरवले. न्यायाधीशांनी हा कौल मानला नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, जन्मठेप झाली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. वृत्तपत्रांनी आधीच बाजू घेतल्यावर ज्यूरीचे काय होते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. पुढे पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने १९७६-७७ मध्ये अख्खा महाराष्ट्र हादरला. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर गुन्हेकथांची साप्ताहिके खपत होती, मग वाहिन्या आल्या आणि आता वेब मालिका. ज्यूरी न्यायालयातून गेली आणि कट्ट्यावर बसली. न्यायालयातल्या ज्यूरीसमोर निदान पुरावा तरी मांडला जाई, हा फरक मोठा आहे.

वादात सर्वाधिक गोंधळ होतो तो चार कागदांचा. एफआयआर ही फक्त पहिली खबर असते, तिच्यात आरोप असतात, निष्कर्ष नसतो. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली नोंदवली जाते आणि गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कुठल्याही पोलीस ठाण्याला ती घ्यावी लागते. दुसरा कागद कबुलीजबाब. 'त्याने पोलिसांकडे कबूल केले' या बातमीवर निम्मा वाद संपवला जातो, पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम २५ हेच सांगत होते, आता साक्ष अधिनियमाचे कलम २३ तेच सांगते. त्या सांगण्यावरून हत्यार किंवा मृतदेह सापडला, तर तेवढाच भाग ग्राह्य धरतात. म्हणून तिसरा कागद, म्हणजे जप्तीचा पंचनामा, इतका महत्त्वाचा असतो. पंच फिरले, मुद्देमालाचे सील तुटलेले निघाले किंवा तपासणीला पाठवण्याच्या तारखा जुळल्या नाहीत की खटला ढिला पडतो. चौथा कागद दोषारोपपत्र. अटकेतल्या आरोपीविरुद्ध ते ६० दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. 'सुटला' म्हणून ज्याच्यावर ओरड होते तो बरेचदा याच कलमाखाली बाहेर आलेला असतो, आणि त्याचा खटला चालूच असतो.

हे तपासणे आता अवघड नाही. ई-कोर्ट्सच्या ॲपवर खटल्याचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की जिल्हा न्यायालयातील पुढची तारीख आणि आदेश दिसतात. एक गोष्ट मात्र कायद्यानेच बंद आहे: बलात्कार पीडितेचे नाव, फोटो किंवा ओळख पटेल असा तपशील ग्रुपवर टाकणे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि 'मी फक्त पुढे पाठवले' हा बचाव होत नाही.

युद्धाचा विषय सोलापूरला पहिल्यांदा जवळचा झाला तो एका डॉक्टरमुळे. १० ऑक्टोबर १९१० रोजी इथेच जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, कॅनेडियन डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, तिथेच लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. तेव्हा युद्धाची बातमी पत्राने आणि छापील मजकुराने येई. १९६५ आणि १९७१ मध्ये ती रेडिओवर आली, १९९९ मध्ये कारगिल टीव्हीवर दिसले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात थेट प्रक्षेपणाचा फायदा सूत्रधारांना झाला, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांना कडक शब्दांत सुनावले. कारवाई चालू असताना थेट चित्रीकरण दाखवू नये हा नियम आला त्यामागे हा अनुभव आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने वाहिन्यांना त्याची पुन्हा आठवण करून दिली. सैन्याच्या गाड्या जाताना मोबाइलवर व्हिडिओ काढून टाकणाऱ्यालाही तो तितकाच लागू पडायला हवा.

सध्याचा वाद ड्रोनवर असतो, आणि तिथे 'स्वस्त ड्रोनपुढे रणगाडे संपले' असे सरसकट बोलले जाते. २०२० मधील आर्मेनिया-अझरबैजान लढाईपासून हे बोलणे सुरू झाले आणि फेब्रुवारी २०२२ नंतर युक्रेनमुळे वाढले. हिशेब खरा आहे: चष्म्यातून पाहत उडवायचा छोटा ड्रोन ४०० ते ५०० डॉलरमध्ये बनतो. ४० ते ५० किलो स्फोटके नेणारा इराणी बनावटीचा शाहेद ड्रोन साधारण २० ते ५० हजार डॉलरचा असल्याचे अंदाज आहेत, तर त्याला पाडू शकणाऱ्या अमेरिकी पॅट्रियट यंत्रणेच्या एका क्षेपणास्त्राची किंमत सुमारे ४० लाख डॉलर. म्हणूनच असे ड्रोन पाडायला तोफा, मशीनगन आणि स्वस्त प्रतिड्रोन वापरतात. पण छोटे ड्रोन निकामीही पटकन होतात. रेडिओ लहरी जाम केल्या की चित्र जाते, थंडीत बॅटरी लवकर उतरते, पाऊस आणि वारा उड्डाण रोखतात, आणि एका बॅटरीवर ते काही मिनिटेच हवेत राहतात. जामिंगवर उपाय म्हणून ड्रोनच्या मागे १० ते २० किलोमीटर लांब, पतंगाच्या मांज्यासारखी बारीक काचतंतूची तार सोडतात. ती झाडात अडकली किंवा तुटली की ड्रोन गेला. शिवाय जागा ताब्यात ठेवायला शेवटी पायदळच लागते.

हे दूरचे युद्ध जिल्ह्याच्या खिशाला लागते. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपकडे जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास साधारण १० ते १४ दिवसांनी लांबला. सोलापुरी टॉवेल उशिरा पोहोचला तर पैसे अडकतात, माल खराब होत नाही. आखातात जाणाऱ्या करमाळा आणि माढ्याच्या केळीचे तसे नाही. ४० फुटी थंड कंटेनरमध्ये साधारण २० टन हिरवी केळी सुमारे १३ ते १४ अंशांवर ठेवतात. तापमान खाली गेले तर साल काळवंडते, वर गेले तर वाटेतच पिकते, आणि बंदरावर कंटेनर अडकून राहिला तर अख्खा माल वाया जाऊ शकतो.

युद्धाचा म्हणून फिरणारा व्हिडिओ तपासायला पाच मिनिटे पुरतात. त्यातले एक स्थिर चित्र काढून उलट प्रतिमा-शोध करावा. संगणकीय खेळातली दृश्ये आणि जुन्या लढायांचे तुकडे याच मार्गाने उघडे पडले आहेत. दूरच्या स्फोटाचा उजेड आणि आवाज एकाच क्षणी येत असेल तर शंका घ्यावी. तीन सेकंदांचे अंतर म्हणजे स्फोट साधारण एक किलोमीटरवर.

तिसरा वाद घराघरात जास्त ताण आणतो. १९६५ च्या अमेरिकी कायद्याने नागरिकांच्या आईवडिलांना कोट्याबाहेर प्रवेश दिला, १९७३ नंतर आखाताने कामगार ओढले आणि शतक सरताना संगणक क्षेत्राने सोलापूरची मुले पुणे-हैदराबादमार्गे बाहेर नेली. आता ती पन्नाशीकडे आणि आईवडील पंचाहत्तरीकडे आहेत. अमेरिकेचा पाहुणा व्हिसा १० वर्षांचा असला तरी एका वेळी साधारण ६ महिनेच राहता येते. ग्रीन कार्डासाठी मूल २१ पूर्ण झालेले अमेरिकी नागरिक हवे. कार्ड मिळूनही, तिथे नोकरी न केलेल्या ज्येष्ठाला वय ६५ आणि सलग ५ वर्षांचे वास्तव्य झाल्याशिवाय मेडिकेअर हा तिथला सरकारी आरोग्यविमा विकतही घेता येत नाही. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिले तर कार्डच धोक्यात येते. कॅनडाचा सुपर व्हिसा जुलै २०२२ पासून एका वेळी ५ वर्षे राहू देतो, पण किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा लागतो. ब्रिटनने जुलै २०१२ मध्ये हा दरवाजा जवळजवळ बंदच केला.

चूक बहुतेक वेळा विम्यात आणि खात्यात होते. प्रवास विम्यात आधीचे रक्तदाब-मधुमेह सहसा वगळलेले असतात. इथली मेडिक्लेम बंद केली, तर परत आल्यावर जुन्या आजारांसाठी पुन्हा ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, म्हणून ती चालू ठेवावी. कायमचे गेल्यावर बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे रुपयातले खाते, करावे लागते, त्यावरील व्याजातून ३० टक्के आणि उपकर कापला जातो. ज्येष्ठ नागरिक बचत योजना नव्याने उघडता येत नाही, पीपीएफ मुदतीपर्यंतच चालते. नुसते सहा महिने मुलाकडे जाऊन आले म्हणून यातले काहीच करावे लागत नाही.

हा वादही सगळ्यांचा नाही. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या बंद पडल्या, तिथल्या कामगाराला १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची किमान १,००० रुपये पेन्शन मिळते आणि सप्टेंबर २०१४ पासून हा आकडा हललेला नाही. परदेशाचा विचार करतो तो शिक्षक, बँक किंवा सरकारी पेन्शनर. त्याने दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला विसरू नये. केंद्राच्या ८० वर्षे व त्यावरील पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. तिकडून दूतावासामार्फत किंवा मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो. घर विकायचे मुखत्यारपत्र मात्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून घ्यावे, आणि ते भारतात पोहोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.