जुना स्टिरिओ भारी म्हणता, पण त्यातलं काय?

‘जुन्या स्टिरिओचा आवाजच वेगळा हो!’ हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी एवढंच विचारतो, आवाज कुणाचा? अ‍ॅम्पचा की स्पीकरचा? जुना सेट म्हणजे एकच वस्तू असल्यासारखं बोललं जातं, आणि तिथेच घोळ होतो.

अ‍ॅम्पचं झटपट उरकतो. आलेला सिग्नल न बिघडवता मोठा करायचा, एवढंच त्याचं काम, आणि ते सत्तरच्या दशकातच उत्तम जमलं होतं. पायोनियरचा १९७८चा एसएक्स-१९८० दर चॅनेलला २७० वॉट द्यायचा, तोही ०.०३ टक्के डिस्टॉर्शनवर, म्हणजे सिग्नल जवळजवळ न बिघडवता. असा अ‍ॅम्प, वाळलेले कपॅसिटर बदलून आणि व्हॉल्यूमची खरखर काढून, आजच्या चांगल्या अ‍ॅम्पशेजारी ठेवा. स्पीकर तेच, आवाजाची पातळी मीटरने सारखी केलेली. आता डोळे मिटून ओळखा! पातळी सारखी करायलाच हवी, कारण किंचित मोठं वाजणारं कानाला ‘मोठं’ वाटत नाही, ‘चांगलं’ वाटतं. आणि हो, ते ‘लाउडनेस’चं बटण आधी बंद करा. कमी आवाजात बेस उचलून देणारं हे बटण वर्षानुवर्षं दाबलेलं असतं, आणि त्यालाच लोक ‘वॉर्म साउंड’ म्हणतात.

स्पीकरची गोष्ट निराळी. हलणारा शंकू म्हणजे कोन, त्याला ढकलणारी तारेची कॉइल, बाहेरचा खोका, सगळा यांत्रिक मामला. कुठल्या वूफरला (बेस वाजवणाऱ्या मोठ्या कोनाला) केवढा खोका लागतो याचं थील आणि स्मॉल या अभियंत्यांचं गणित सत्तरच्या दशकात सर्वत्र पोचलं; त्याआधी बराचसा अंदाजपंचे कारभार होता. आज कोनची हालचाल लेसरने मोजतात, आवाज खोलीत कसा पसरेल ते संगणकावर आधीच बघतात. त्यामुळे आजची मध्यम किमतीची, फळीवर मावणाऱ्या बुकशेल्फ स्पीकरची जोडीसुद्धा गायकाचा गळा जुन्या बहुतेक खोक्यांपेक्षा स्वच्छ ऐकवते. यामाहाच्या एनएस-१०००एमसारखे (१९७४) अपवाद आहेत, पण अपवादच. बारा इंची वूफरची तुलना तळहाताएवढ्या ब्लूटूथ डबीशी करून ‘बघा, जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही. पीएमपीओचे, म्हणजे जाहिरातीतले फुगवलेले, हजारो वॉट सांगणाऱ्यांशी तर मुळीच नाही.

त्यातून स्पीकर म्हातारे होतात. काकांच्या स्पीकरची जाळी काढली तर वूफरच्या कडेचा फोम बोट लागताच ओल्या बिस्किटासारखा गळून पडला. काका त्याच्यावरच रोज सकाळी भीमसेनजी ऐकत आणि ‘काय बेस आहे!’ म्हणत. बेस कसला, फाटक्या कडेतून हवा फरफरत होती.

फोम नवा बसवता येतो, वूफर पुन्हा नीट वाजतोही. पण खोका आणि ट्विटर (उंच सूर वाजवणारा छोटा भाग) त्याच काळातले राहतात. म्हणून मी म्हणतो, अ‍ॅम्प जुना चालेल, स्पीकर नवे घ्या. काकांनी महिनाभर कुरकुर करून शेवटी तेच केलं. जुन्या खोक्यांवर आता काकूच्या मनीप्लांटच्या कुंड्या आहेत.